गेरूचा पट्टा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ती परीक्षा मी पास झालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं लोक तेही नाही म्हणायचे. असा माणूस कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष कसा काय, हे नागपूरला विद्यापीठाच्या कचेरीत मला पुष्कळांनी विचारलं. काहींनी तोंडानं, काहींनी नुसतं माझ्या धोतराकडे पाहून. तिथं मी कुणाला उत्तर दिलं नाही. इथं देतो.

धंदा माझा संत्र्याचा. नरखेड तालुक्यातले बगीचे झाडावरच विकत घ्यायचे, तोडा करायचा, तणस घालून पेट्या भरायच्या आणि नागपूरच्या मार्केटला लावायच्या. फळ झाडावर असतानाच नजरेनं बगीचा जोखावा लागतो. तसं करता करता माणूसही जोखता येतो. कोण बोललेलं पाळेल आणि कोण सौदा झाल्यावर मागच्या बाजूनं फळ उतरवून घेईल, हे मला पुऱ्या तालुक्याचं ठाऊक होतं. गावात कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा वकील, डॉक्टर, मास्तर सगळे सभेला होते. पण शेतकऱ्याच्या दारात जाऊन मागायचं कोणी, म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. उभा राहिलो तो वीस वर्षं खाली बसलोच नाही म्हणा.

साठ सालाच्या पुढची गोष्ट ही. मुलं नागपूरला खोली घेऊन शिकायची. मुली मॅट्रिक झाल्या की घरी. कॉलेज पाहिजे होतं ते त्यांच्यासाठी.

पहिलं वर्ष वाया गेलं. सभेत लोक हात वर करून आकडा सांगायचे आणि घरी गेल्यावर विसरायचे. त्यांची लबाडी नव्हती ती. शेतकऱ्याच्या हातात नोट टिकतच नाही, येते तशी खतात, लग्नात, डॉक्टरात जाते. मग एक दिवस तोड्याला गेलो असताना मला सुचलं. पैसा मागायचाच नाही. झाड मागायचं. बगीच्यातलं एक झाड कॉलेजचं. त्याला पाणी, खत मालकानं द्यायचं, फळ आलं की तोडा मी करणार, विकणार मी, आणि ते सगळं कॉलेजला.

पहिलं झाड मागितलं ते माझ्या लहानपणच्या दोस्ताच्या बायकोला. दोस्त सर्पदंशानं गेला होता. बगीचा ती एकटी सांभाळायची, आणि असा सांभाळायची की गडीमाणसांनी बघायला यावं. मी तिला वहिनी म्हणायचो. मी म्हटलं, धुऱ्याकडचं, कडेचं एखादं द्या, माकडं खातात ते.  ती मला विहिरीजवळ घेऊन गेली आणि बगीच्यातल्या सगळ्यात भरल्या झाडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "वहिनी, हे राहू द्या. हे तुमच्या घरचं आहे."

"काहून भाऊजी, देवाले नासकं फूल वाहता का तुमी?"

घरातून तिनं गेरू कालवून आणला आणि बोटांनी बुंध्याला पट्टा ओढला. बाकीच्या झाडांना चुना होता, त्यात तो लाल पट्टा लांबून दिसायचा. तोच रिवाज पडला. ज्याच्या बगीच्यात गेरूचं झाड नाही, त्याला लाज वाटायला लागली. गेरूच्या झाडाचं फळ कोणाच्या पोरानं तोडल्याचं मी कधी ऐकलं नाही. माकडांना तेवढं समजावता आलं नाही.

त्या झाडांच्या जिवावर कॉलेजच्या भिंती उभ्या राहिल्या. पण पैशाहून वेगळं एक त्यातून झालं, ते मला तेव्हा नीट दिसलं नाही. बाजाराला आलेला शेतकरी कॉलेजवरून चक्कर मारून जायचा. चहाच्या टपरीवर एखादा प्राध्यापक दिसला की थांबायचा, "काहून सर, आज शिकवनं नाही का?" सर कप अर्धा टाकून वर्गात जायचे. स्नेहसंमेलनाच्या जेवणाला झाडवाले स्वतः पंगतीत वाढायचे. बुंदीचं घमेलं कोणी उचलायचं यावरून भांडणं व्हायची. वहिनी वरणाची बादली कोणाला देत नसे. आमच्याकडे घरचा माणूस वाढतो आणि पाहुणा बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. म्हणून तर पुढचं मनाला जास्त लागतं.

प्राचार्य आम्हाला नागपूरचे मिळाले. किडकिडीत, चष्म्याचे, कडक. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं की इंग्रजी कागद मला वाचून दाखवावा लागेल. ते म्हणाले, दाखवीन, पण मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आमचं जमलं. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते गावोगाव आले, भीतीनं माझं धोतर धरून. मागायला मात्र त्यांना जमायचं नाही. तोंडात मागणं यायच्या आधीच ते आभार मानायचे.

त्यांना विज्ञान शाखा पाहिजे होती. कला शाखेवर मुली बी.ए. होत होत्या, पण डॉक्टरीण, नर्स, विज्ञानाची मास्तरीण व्हायचं तर पुन्हा नागपूर. विद्यापीठाची समिती येऊन पाहून गेली आणि म्हणाली, प्रयोगशाळेची इमारत दाखवा, मग मान्यता. झाडांच्या पैशावर आम्ही पाया भरला. पुढं गारपीट झाली, मृग बहाराचं फळ जमिनीवर आलं. दुसऱ्या साली विहिरींनीच तळ दाखवला. झाडं आपला जीव वाचवतील की कॉलेज बांधतील. मी म्हणायचो, थांबू. झाड एक बहार चुकवतं, दुसरा देतं. प्राचार्य सर ऐकून घ्यायचे आणि खिडकीतून त्या पायाकडे पाहत राहायचे. त्यात गवत वाढलं होतं.

मग सरांनीच नागपूरच्या धरमपेठेतले एक शेठजी शोधून काढले. मोठे व्यापारी. पुरी प्रयोगशाळा बांधून द्यायला तयार होते, पण कॉलेजला वडिलांचं नाव द्यायचं, आणि ते फाटकावर. त्यांच्या बंगल्यात आम्ही दोघं वेताच्या खुर्च्यांवर बसलो. शेठजी सज्जन माणूस, मी खोटं सांगणार नाही. मला आधी पाणी दिलं, मग सरांना. मी म्हटलं, प्रयोगशाळेवर नाव घाला, फाटकावर नको. त्यांनी हसून नकाराची मान हलवली. मी उठलो.

आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर सर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, आपलं कॉलेज कोणासाठी काढलं?"

"लेकरायसाठी. मुख्य म्हणजे पोरींसाठी."

"मग या वर्षी मॅट्रिक झालेल्या पोरींना काय सांगू? अध्यक्षांच्या झाडांना फळ धरेपर्यंत घरात बसा?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. दोन गाड्या सोडल्या आम्ही. तिसरी लागली तेव्हा मी सरांना घेऊन उलट्या पावली धरमपेठेत गेलो. नाव कबूल केलं, पण माझी एक अट घातली. उद्घाटनाच्या दिवशी माझे झाडवाले शेतकरी पहिल्या पंगतीत बसतील आणि त्यांना शेठजींची माणसं वाढतील. एकाही शेतकऱ्यानं त्या दिवशी भांडं उचलायचं नाही. शेठजींनी लगेच हो म्हटलं, उलट त्यांना आनंद झाला. मीही छाती काढून बाहेर पडलो. मला वाटलं, फाटक गेलं पण मान राखला.

उद्घाटन झोकात झालं. नागपूरहून आचारी आले, पांढऱ्या कपड्यांतले वाढपी आले. झाडवाले धुतलेली टोपी घालून ओळीनं बसले. वहिनी सवयीनं बादलीकडे गेली तर एका वाढप्यानं अदबीनं तिच्या हातातून घेतली. मीच लांबून ओरडलो, वहिनी, आज तुम्ही बसायचं. ती बसली. पदर सारखा केला आणि खाली पाहून जेवली. जेवण झाल्यावर सगळ्यांनी शेठजींना नमस्कार केला, मला केला, आणि पाहुणे जातात तसे गेले.

त्या बहाराला मी तोड्याची माणसं घेऊन निघालो तर झाडांवर गेरू नव्हता. एकाही बगीच्यात नव्हता. पावसानं धुतला तो कोणी पुन्हा ओढला नव्हता. भांडण नाही, तोंड फिरवणं नाही. चहा सगळ्यांनी दिला. मी शेवटी वहिनीकडे गेलो आणि स्पष्ट विचारलं, माझं काही चुकलं का.

"तुमचं काय चुकलं भाऊजी. आता कॉलेजले धनी भेटला. ज्याच्या घरी लग्न त्यानं वाढावं. आपन दुसऱ्याच्या मांडवात बादली घेऊन कायले उभं राहाचं?"

मी तिला समजावलं. संस्था तीच आहे, अध्यक्ष मीच आहे. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि चहात साखर जास्त तर नाही ना, असं विचारत होती.

विज्ञान शाखा सुरू झाली. पांढरे कोट घातलेल्या मुली फाटकातून जाताना दिसल्या की माझा राग पाघळायचा. ते काम झालं, मी ते नाकारत नाही. पण बाजाराच्या दिवशी कॉलेजच्या रस्त्यानं शेतकरी यायचा बंद झाला. टपरीवर प्राध्यापक निवांत बसू लागले. कोण विचारणार. एकदा मी विचारलं, तर एक नवा, तरुण प्राध्यापक उभा राहून म्हणाला, अध्यक्षसाहेब, माझा तास उद्या आहे. नियमानं त्याचं बरोबरच होतं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही दोघं प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ते म्हणाले, मला वाटत होतं झाडं पैशासाठी होती. मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं सर. नाहीतर पंगत मागितली नसती.

शेठजी वारले. त्यांच्या मुलांचं कॉलेजकडे लक्ष नव्हतं, वडिलांनी आजोबांचं नाव लावून टाकलं होतं, त्यांना आणखी काय लावायचं होतं. ऐंशी सालानंतर ग्रंथालयाचं छप्पर गळायला लागलं. पुस्तकांवर पोती टाकून ठेवायचो. मी एका डब्यात गेरू भरला, डबा मोटारसायकलच्या पेटीत ठेवला आणि वहिनीच्या बगीच्यावर गेलो. मनाशी ठरवलं होतं, या वेळी झाड मागायचं नाही, तिच्या हातात फक्त गेरू द्यायचा. ती समजेल.

विहिरीजवळचं ते झाड होतं. म्हातारं झालं होतं, एक फांदी वाळली होती, पण फळ होतं. पूर्वी मी आल्या आल्या हात वर करून एक तोडायचो आणि सोलत सोलत बोलायचो. मी झाडाकडे निघालो तर वहिनीनं हाक मारली.

"उन्हात कायले उभे राहता भाऊजी, इकडं बसा."

बाजेवर धुतलेली सतरंजी टाकली होती. तिनं गड्याकडून टोपलीत संत्री काढवली, पाण्यानं धुवायला लावली, आणि माझ्यासमोर ताटात मांडली. त्याच झाडाची होती. नात आमच्या कॉलेजात विज्ञानाला आहे, हे तिनं मोठ्या समाधानानं सांगितलं.

"पोट्टी बेडूक कापून राहिली म्हनते. कॉलेज चांगलं चालून राहिलं ना भाऊजी?"

मी म्हटलं, चालू आहे. छपराचं सांगितलं नाही. पाहुण्यानं ताटावर बसून घरवाल्याला काय मागावं. मी एक संत्रं खाल्लं. आंबट-गोड, पूर्वीसारखंच. निघताना तिनं पिशवी भरून दिली, म्हणाली, घरी न्या, तुमच्या घरच्यांना सांगा आमच्या बगीच्यातली आहेत.

पिशवी पेटीत मावेना म्हणून गेरूचा डबा काढून हँडलला अडकवला. तिनं डबा पाहिला. काय आहे ते विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, काम नव्हतंच काही, सहज गेलो होतो. दिवाळी तोंडावर होती. तिनं तो गेरू कालवला आणि पुढच्या दाराचा ओटा रंगवून घेतला.