रेघेबाहेरचा बोकड

मानपाड्याला माझं मटणाचं दुकान आहे आणि बोकडाचं वजन मला नुसतं बघून कळतं. तरी गेल्या वर्षी कल्याणच्या बाजारात एका व्यापाऱ्याने मला भरपूर पाणी पाजलेले बोकड वजनावर विकले. तो राग अजून गेलेला नाही.

यंदा त्याच्याच बोकडांपाशी पशुवैद्यकीय कॉलेजातली एक मुलगी शिंप्याची टेप घेऊन उभी होती. ती बोकडाची छाती मोजायची, मग त्याला काट्यावर चढवायची आणि चौकटींच्या कागदावर एक टिंब द्यायची. टिंबांमधून तिने तिरकी रेघ ओढली होती. छाती मोठी, तर वजन जास्त.

मी एका बोकडाकडे बोट दाखवलं. "हा किती भरेल?"

तिने छाती मोजली, रेघेवर बोट फिरवलं. "बत्तीस किलोच्या आसपास."

काटा छत्तीसवर थांबला. व्यापारी हसला, "बघा शेठ, माल कसा भरीव!"

"चुकली की तुमची रेघ," मी तिला म्हणालो.

"काका, रेघ सगळ्या कळपाची आहे. हा इतरांपेक्षा वेगळा आहे, एवढंच ती सांगते. का, ते बोकडालाच विचारा."

मी त्या बोकडाचं पोट धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. वर्षभराचा राग मी भर बाजारात व्यापाऱ्यावर काढला.

तिने टिंबाशेजारी लिहिलं, 'पाणी?'

"आता प्रश्नचिन्ह कशाला? आवाज ऐकलात ना?"

"एकाचाच ऐकला. बाकीच्यांची पोटंही अशीच वाजली तर?" ती म्हणाली आणि पुढच्या बोकडाला टेप लावली.

मी बाह्या सरसावल्या आणि तिच्यामागून एकेक पोट हलवत निघालो.