नऊ इंच दक्षिणेला

दौंडला एका बंगल्याचा स्लॅब टाकणं चालू होतं. निम्मा स्लॅब टाकून झाला होता, मिक्सर धडधडत होता आणि तेवढ्यात आमच्या सरांच्या पत्नी मार्थाबाईंचा फोन आला. "संपत, सर गेले रे. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आन्..." मी म्हणालो, बाई, लगेच निघतो. त्यावर त्या म्हणाल्या, "लगेच नको. मागं मिक्सर ऐकू येतोय. स्लॅब अर्धा सोडून आलास तर सरांना आवडायचं न्हाई. पुरा कर आन् मग ये." बाईंचं बरोबर होतं. मी तीन तास उभा राहून स्लॅब पुरा केला. बांधकामाच्या धंद्यात एक सोय असते, डोळे लाल झाले तर सिमेंट गेलं म्हणून सांगता येतं. मग मांडवगण फराट्यावरून गाडी जी काढली ती शिरूरला सरांच्या दारातच थांबवली. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले.

दाविद रणपिसे सर आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे. मी निमोण्याहून एसटीनं शिरूरच्या शाळेत जायचो. सर ख्रिस्ती, त्यांचे वडील इथल्या जुन्या दगडी चर्चची राखण करायचे. त्या चर्चच्या कपाटात सरांना लहानपणी एक पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठे गेलेले, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. आत इंग्लंडमधल्या खेडेगावांतल्या, सहाशे-सातशे वर्षांपूर्वी बांधलेल्या चर्चची चित्रं आणि नकाशे होते. त्या पुस्तकानं सरांना जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आम्हाला नकाशा काढायला शिकवायचा म्हटलं की ते फळ्यावर इंग्लंडमधलं चर्चच काढायचे. हे लोकांनी बसायचं लांब दालन, ही त्याच्यापुढं पूर्वेला जोडलेली वेदीची अरुंद खोली, हे दाराजवळ बाप्तिस्म्याचं कुंड. आम्ही सगळी ऊस-कांद्याच्या रानातली पोरं, पण टोकदार कमानीचा केंद्रबिंदू कुठं धरायचा हे झोपेतही सांगितलं असतं. एकदा चित्रकलेच्या परीक्षेत 'तुमच्या गावातील एक इमारत' असा विषय आला, तर आमच्या सबंध वर्गानं तेच चर्च काढलं. कुणी वर गावचा सरपंच उभा केला, कुणी बाजूला बैलगाडी सोडली. तपासणाऱ्यांनी शाळेला पत्र पाठवून विचारलं, की शिरूर तालुक्यात अशी एकूण किती चर्च आहेत?

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीनं, ती तिकडं नर्स आहे, दोघांना तीन महिने इंग्लंडला नेलं. सरांनी सामानात काय नेलं, तर पंधरा मीटरचा टेप. मुलीच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक जुनं चर्च होतं, सरांच्या पुस्तकात असायचं तसंच. पहिल्याच दिवशी चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी म्हातारी बाई आत आली आणि बघते तो एक काळासावळा गृहस्थ मधल्या वाटेत फरशीवर उताणा पडलेला. तिला वाटलं, माणूस गेला. सर छताच्या तुळया मोजत होते. मार्थाबाई शेजारच्या बाकावर संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिला शुद्ध मराठीत धीर दिला, "ते तसेच हायत, घाबरू नका." पुढं त्या म्हातारीची आणि सरांची एवढी गट्टी जमली, की टेपचं दुसरं टोक तीच धरायला लागली. बाई मात्र परत आल्यावर सगळ्यांना सांगायच्या, "तीन महिने दगडं बघितली. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई."

आल्यावर सरांनी इथल्या चर्चच्या कमिटीपुढं नकाशा टाकला. आपलं चर्च म्हणजे नुसता चार भिंतींचा हॉल आहे, त्याला पूर्वेला वेदीची खोली जोडू या. कमिटीला एक वर्ष लागलं, पण ती कबूल झाली. काम मला द्यायचं असा सरांनी हट्ट धरला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नुकताच डिप्लोमा होऊन दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलेली. हे माझं स्वतःचं पहिलं काम.

आणि पहिल्याच कामात मी माती खाल्ली. जुन्या हॉलची दक्षिणेकडची भिंत सरळ आहे असं धरून मी तिच्यावरून दोरी पुढं ताणली आणि पाया आखला. ती भिंतच मुळात सरळ नव्हती. मध्ये हॉलची जुनी भिंत उभी असल्यामुळं आरपार काही दिसत नव्हतं. खोली उभी राहिली, छत चढलं, सगळ्यात शेवटी मधली भिंत फोडून कमान मोकळी केली तेव्हाही धुळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या खोलीच्या अर्पणविधीच्या दोन दिवस आधी मधल्या वाटेत लाल गालिचा अंथरला, दारापासून थेट वेदीपर्यंत, आणि गालिचा वेदीच्या एका बाजूला गेला. कमिटीचे सेक्रेटरी भालेरावमामा होते, दौंडला रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य काढलेले. ते दारात गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, गालिच्यावरून पुढं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "डबा रुळावरून उतरलाय." मोजलं, तर वेदी नऊ इंच दक्षिणेला.

त्या संध्याकाळी सभा बसली. भालेरावमामांचं म्हणणं एकच, पाडा आन् पुन्हा बांधा. मी कोपऱ्यात उभा होतो. पाडावं लागलं तर शिरूरपासून वरवंडपर्यंत मला कुणी गोठाही बांधायला दिला नसता, हे मला कळत होतं. सर उठले. खडूनं फळ्यावर त्या इंग्लंडमधल्या चर्चचा नकाशा काढायला लागले. दालन काढलं, आणि त्याच्यापुढं वेदीची खोली काढली ती चांगली तिरकी. "हे मी स्वतः मोजलंय. सातशे वर्षं असंच हाय. तिथं लोक म्हणतात, दालन म्हणजे प्रभूंचं शरीर, आन् ही खोली म्हणजे क्रुसावर एका बाजूला कललेलं मस्तक."

मग भालेरावमामांनी विचारलं, "पण सर, तुमच्या नकाशात ते उत्तरेला कललंय. आपलं दक्षिणेला. मस्तक नेमकं कुठल्या खांद्यावर होतं?"

"उजव्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"प्रभूंच्या उजव्या का आपल्या? क्रूस आपल्याकडं तोंड करून असतो. त्यांचा उजवा म्हंजी आपला डावा."

यावर पाऊण तास गेला. दोघांनी उभं राहून हात पसरून दाखवलं, एकाला भिंतीला टेकवून त्याची मान दोन्ही बाजूंना वाकवून बघितली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बायबलात मस्तक लववलं एवढंच आहे, बाजू लिहिलेली नाही. तोपर्यंत पाडायचं सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. शेवटी रूथआजी उठल्या, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढं होत्या. "मी खांबाच्या मागं बसती. इतकी वर्षं मला पुढचं काय दिसत न्हवतं. आता वेदी दिसती. ऱ्हाऊ द्या." आणि राहिली.

बाहेर पायरीवर चहा पिताना मी सरांना विचारलं, "सर, ते लोक खरंच मुद्दाम तिरकं बांधायचे?"

सर बशीत फुंकर मारत म्हणाले, "न्हाई रे. किल्लीवाल्या बाईनं मला सांगितलं. आधी दालन बांधलं, पुढची खोली शंभर वर्षांनी. मध्ये जुनी भिंत उभी. गवंड्याला आरपार दिसंना, दोरी चुकली."

"म्हणजे माझ्यासारखंच."

"अगदी तुझ्यासारखंच."

"मग सभेत का नाही सांगितलं?"

"मी म्हणालो, तिथं लोक असं म्हणतात. म्हणतातच. चुकलं कसं, हे मला कुणी विचारलं का?" सर आयुष्यात खोटं बोलले नाहीत, पण विचारल्याशिवाय खरं बोलायचेच असंही नाही. मला वाटलं, सुटलो. तर कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "उद्या वही घेऊन ये. 'दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय मी पाया खणणार नाही.' पन्नास वेळा. सुवाच्य." माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. बायकोच्या समोर बसून मी ते पन्नास वेळा लिहिलं. अकराव्या ओळीपासून अक्षर बिघडलं म्हणून सरांनी चाळीस ओळी परत लिहायला लावल्या. त्यानंतर आजपर्यंत माझा एकही पाया चुकलेला नाही.

गेल्या रविवारी मी बाईंना घेऊन चर्चमध्ये गेलो होतो. उपासना संपल्यावर छताच्या दुरुस्तीसाठी पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं मोबाइलमधल्या लेसरनं पाच मिनिटांत मोजलं आणि म्हणाला, "काका, ही पुढची खोली तिरकी आहे. छताबरोबर तीही पाडून सरळ करून देऊ." भालेरावमामा आता काठीशिवाय चालत नाहीत. ते काठीवर भार देऊन उठले. "पोरा, बस," म्हणाले आणि सुरुवात केली. सातशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, शरीर, मस्तक, सगळं. एका खांद्याचा घोळ त्यांनी दोन्ही खांदे घेऊन मिटवला. आता त्यांच्या बोलण्यात तिथली राणी स्वतः पाया बघायला आली होती, आणि मोजमापाच्या वेळी सरांच्या टेपचं दुसरं टोक भालेरावमामांनीच धरलं होतं. काठीनं ते फरशीवर नकाशा काढून दाखवत होते. "हे दालन. ही वेदी. आन् हितं, पूर्वेला, घंटेचा मनोरा..."

मी तरी कशाकशाला दुरुस्त करणार... मार्थाबाई पुढच्या बाकावर पाठ करून बसल्या होत्या. मागं न वळताच त्या म्हणाल्या, "पश्चिमेला."

भालेरावमामांची काठी थांबली. "काय म्हणालात बाई?"

"मनोरा पश्चिमेला असतो. कुंड त्याच्या जवळ, दक्षिणेच्या दाराशी. आन् तुळया सतरा हायत." मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि पुसतच राहिल्या.

भालेरावमामांनी काठी उचलली, फरशीवरचा न दिसणारा मनोरा पुसला आणि पश्चिमेला काढायला घेतला.