नाव घातलेला तांब्या

रघूला सांगलीच्या दवाखान्यात आणला तवा डाक्टर, हवालदार, रघूचा चुलता गणपा आन् मी, वार्डातली आया, एवढीच माणसं हुती. कोयनेचा भूकंप व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. पोरगा सोळा वर्सांचा, इस्लामपूरकडचा. हातभट्टीपायी हात लटलट कापत हुतं.

मी पाण्याचा तांब्या दिला. प्यायच्या आधी त्यानं तांब्याच्या गळ्यावरनं अंगठा फिरवला.

"काय बघतूस रं?"

"नाव, मावशी. नाव घातलेलं भांडं मोडीची भांडी घेणारा निम्म्या पैशात घेतो."

हवालदार हसला. "मास्तर हाय लेकाचा! वाचून चोरतोय."

डाक्टरांनी इचारलं, "काय काय चोरलंस?" रघूनं भांड्यांवरची नावंच म्हटली. शेवंता. हिंदुराव. सखूस मामाकडून भेट. शेवटाला म्हणला, "राधा."

"ती कोण?"

"आई. तिच्या लग्नातला तांब्या."

गणपा म्हणला, "वहिनीनं दार लावलंय. पोरगा मेला म्हणती."

पुढं लय दिस त्यो उलट्या काढत, घामानं भिजत पडला. शेजारच्या खाटंवाल्यांनी आपली भांडी उशाला घेतली. बरं वाटाय लागल्यावर बाजारच्या दिशी, गावाकडची माणसं सांगलीला येत्यात तवा, दाराकडं तोंड करून बसायचा. म्हणायचा, "आई न्हाई आली तरी चालंल, मावशी. मी आपला बसलोय."

सुट्टी मिळाली तरी न्ह्यायला कुणी आलं न्हाई. मी त्याला माझा तांब्या दिला. त्याच्यावर नाव न्हवतं. माझ्या लग्नात नाव घालणारं कोण हुतं? त्यानं खिळा आन् दगड घेतला, ठिपका ठिपका ठोकून आईचं नाव घातलं, आन् घरला गेला.

थोड्या दिसांनी एक बाई आली. पदराखालनं तोच तांब्या काढला.

"ह्यो हितला कुणाचा हाय? माझ्या पोरानं चोरलाय, वर माझं नाव घातलंय. मी उंबऱ्यातनंच हाकलला त्याला. तांब्या तिथंच ठिवून गेला. ज्याचा हाय त्यानं घ्यावा, बाई."

"आवं, मीच दिलाय त्याला. चोरला न्हाई."

तिनं तांब्या परत जवळ घेतला. नावावरनं अंगठा फिरवत ऱ्हायली, त्याच्यागत.

घरनं गेलेला रघू परत कुणाला दिसला न्हाई. राधाबाई मरूस्तवर त्याच तांब्यानं पाणी प्याली.

आता त्यो असला तर म्हातारा आसंल. पाणी प्यायच्या आधी तांब्याच्या गळ्यावर अंगठा फिरवणारा कुणी दिसला, तर त्याला एवढंच सांगा, आईनं तांब्या ठिवून घेतला.