क्रेनच्या केबिनमधलं बोलणं

उंच क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाला साइटवर सगळे 'वरचे काका' म्हणत. सकाळी सातला डबा पाठीला अडकवून ते शिडी चढायला लागत, ते संध्याकाळीच खाली उतरत. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हापासून दुपारचं उतरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा आवाज म्हणजे वॉकी-टॉकीवरचा मुकादम: "थोडं डावीकडे. हळू. बास." लग्न केलेलं नव्हतं. खोलीवर गेल्यावरही बोलायला भिंतीच.

म्हणून काका वर एकटेच बोलत. तेही फक्त थोरल्या भावाशी. आठ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा काकांना वेळेवर रजा मिळाली नाही. पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दादा दारातच, चारचौघांसमोर म्हणाला, "आता कशाला आलास?" काका आल्या पावली परत फिरले. त्या दिवशी तोंडातून न फुटलेलं उत्तर ते तेव्हापासून रोज वर बसून देत होते. कधी चिडून, कधी अगदी काकुळतीला येऊन.

मग कंपनीने केबिनमध्ये कॅमेरा बसवला. "सुरक्षेसाठी आहे," बसवणारा म्हणाला. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काम करताना दिसतोय तर दिसू दे.

महिनाभराने, काँक्रीटची बादली उतरवत असताना, वॉकी-टॉकीवर कोणीतरी आवाज घोगरा करून म्हणालं, "आता कशाला आलास?" मागे खसखस पिकली.

ते वाक्य काकांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं; म्हणजे केबिनमधला कॅमेरा आवाजही टिपत होता. बादली अलगद टेकवून त्यांनी क्रेन थांबवली आणि कितीतरी वर्षांनी भर दुपारी शिडी उतरून थेट ऑफिस गाठलं.

"अहो काका, पोरांनी गंमत केली," मॅनेजर म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेता? गेटवर कॅमेऱ्याचा बोर्ड आहे की."

"बोर्डावर आवाजाचं कुठं लिहिलंय?"

मॅनेजरने फोन उचलून कानाला लावला. शेजारच्या टेबलावरच्या सेफ्टी ऑफिसर बाई मात्र काकांच्या मागोमाग बाहेर आल्या.

"काका, कायदा तुमच्या बाजूने आहे. काय टिपणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार, कोण बघणार, हे आधी सांगावं लागतं. अपघात टाळायला चित्र पुरतं. तुमचं बोलणं कशाला हवंय त्यांना? लेखी द्या. तुमचं रेकॉर्डिंग तुम्हाला मागताही येतं."

काकांनी अख्खा रविवार घालवून अर्ज लिहिला. तीन आठवड्यांत आवाज टिपणं बंद झालं, सगळ्यांच्या फोनवर पोहोचलेली काकांच्या बोलण्याची क्लिप पुसायला लावली. ती फिरवणारा स्टोअरकीपर मान खाली घालून "चुकलं" म्हणाला. काका "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रेकॉर्डिंगची प्रतही मिळाली. खोलीचं दार लावून त्यांनी ती ऐकली. स्वतःचा आवाज त्यांना परक्यासारखा वाटला. दादाची उत्तरंही तेच देत होते, आणि त्यांच्या तोंडचा दादा दर वेळी तोडूनच बोलत होता. आठ वर्षांत त्यांनी त्याला एकदाही धड बोलू दिलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी. धाकटा."

मग दादा म्हणाला, "जेवलास का?"

एवढ्या वर्षांच्या तयारीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "हो," काका म्हणाले. "तू?"

"आत्ताच."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ठेवतो मग," दादा म्हणाला.

पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा फोन केला, त्याच्या पुढच्याही. तब्येत, हवा, जेवण. बोलणं दोन मिनिटांच्या वर कधी गेलं नाही, आणि दादाने आपणहून एकदाही फोन केला नाही.

ती इमारत झाली, क्रेन दुसऱ्या साइटवर गेली. तिथे केबिनमध्ये चढण्याआधीच काकांच्या हातात कागद आला: फक्त चित्र, आवाज नाही, तीस दिवसांनी पुसलं जाईल. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचून सही केली आणि वर गेले. आता तिथे हवं ते बोलायची मोकळीक होती. पण दादाशी भांडायचं आता मनातच येईना, आणि दुसऱ्या कुणाशी बोलायची सवय नव्हती. मुकादमाचा आवाज येईपर्यंत काका समोरच्या छपरांकडे बघत गप्प बसून राहत.