बुध्याबाबाच्या जमिनीचा साक्षीदार

आणि आता म्हणतात, मृत्यूचा दाखला जोडा, नाहीतर फाईल बंद करू.

इतक्या वर्षांत त्या कचेरीतून आपणहून आलेला हा पहिला फोन. म्हातारा गेल्याचं कुणीतरी कळवलं असेल. वाईट बातमीला टेबल-टेबल फिरावं लागत नाही.

बुध्याबाबा. माझा सासरा. गुरुवारी सकाळी गेला. आज पाचवा दिवस.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिण्यात चुका असतील, त्या काढत बसू नका. वाचा.

आमचा पाडा बोईसरच्या मागे, डोंगरात. वरच्या उतारावर बाबाच्या बापाने दगड वेचून वेचून नाचणीपुरती जागा केली. वरच्या टोकाला वाघोबाचा दगड बसवला. अजून वाघबारशीला आम्ही तिथे नारळ फोडतो.

मग सरकारने जंगलाची हद्द टाकली. हद्दीचे दगड वाहायला मजूर पाहिजे होते. त्या मजुरांत बाबा होता.

स्वतःच्या शेताखाली स्वतःच्या हाताने दगड रचून आला. त्याची आणि सगळ्या पाड्याची जमीन जंगलात गेली. बाबा तिथेच नाचणी पेरत राहिला.

पुढे कायदा आला. कसत असाल तर नावावर करू, पुरावा आणा.

आमच्याकडे कसला पुरावा? पण म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, असं त्याच कायद्यात आहे. पाड्यात खरे म्हातारे दोनच. बाबा आणि त्याचा चुलतभाऊ सुकऱ्याबाबा.

साहेबांनी बाबाला वय विचारलं.
"बुधवारचा जन्म. पुढचं तुमी लिवा."

दोघांनी मिळून एकेका घराची हद्द चालून दाखवली. हा मोह, हा फुटका कातळ, इथून खाली ओहोळ. उन्हातान्हात, काठी टेकत. बावीस घरांना कागद मिळाला. त्यांच्या अंगठ्यावर.

आणि आपला अर्ज? टाकलाच नाही.

मी भांडले. खूप भांडले. मी तिकडे कारखान्यात पॅकिंगला उभी राहते, घरी येऊन नाचणीही मीच निंदते. मला बोलायचा हक्क आहे.

आमच्याकडे लग्नात वाढणारा शेवटी जेवतो. बाबाने जन्मभर पाड्याचा भात वाढला. तो म्हणाला,
"पोरी, वाढप्या आधी बसतो काय?"
"आणि टोप रिकामा झाला म्हंजे?"
"खरवड हाय ना. मला आवडते."

हसला वर.

त्याने सगळ्यात शेवटी अर्ज टाकला. तोपर्यंत सुकऱ्याबाबा गेला होता.

अर्ज परत आला. अर्जदार सोडून दुसऱ्या ज्येष्ठ माणसाचा जबाब पाहिजे. स्वतःची साक्ष स्वतः देता येत नाही.

बावीस घरं उभी राहिली, आम्ही सांगतो म्हणाली. टेबलावरचे साहेब म्हणाले, तुम्ही ऐकलेलं सांगणार. पाहिलेलं सांगणारा आणा.

बाबा हात जोडून म्हणाला, "माज्याहून म्हातारा आता वाघोबाच उरला. तो खाली येणार नाय. तुमी वर चला."

सगळे हसले. बाबा नाही हसला. त्याने खरंच बोलावलं होतं.

जिल्हा ठाण्याला होता तेव्हा भाकर बांधून दोन दिवसांचा प्रवास. मग म्हणाले, तुमच्यासाठी जिल्हा जवळ आणला. खरंय. पूर्वी वर्षातून एकदा परत पाठवायचे. पालघर जवळ आलं, आता महिन्यातून दोनदा पाठवतात.

शेवटी पाहणीची तारीख दिली. तीनदा दिली.

तिन्ही वेळा बाबा धुतलेला सदरा घालून वाघोबाजवळ जाऊन बसला. मी शिफ्ट बुडवून चहाचं सामान वर नेलं. शेजारून खुर्च्या नेल्या, साहेब लोक खाली बसत नाहीत म्हणून.

कुणी आलं नाही.

तिसऱ्या वेळी उन्हं उतरल्यावर मी म्हटलं, चला. तर म्हणाला, "खुर्च्या ऱ्हाऊ दे. परत आणायच्याच हायेत."

मी वैतागले. खुर्च्या लोकांच्या होत्या. मीच डोक्यावरून खाली आणल्या, वाटेत त्याला नाही नाही ते बोलले.

ते बोलणं आता परत घेता येत नाही.

आता ऐका.

काल शेजारची जानकी बसायला आली. येताना तिचा जमिनीचा कागद घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाली, वहिनी, यावर बाबाचा अंगठा हाय, जरा बघा.

मी बोट ठेवून ठेवून वाचलं. चारी बाजूंच्या हद्दी लिहिल्यात. खाली ओहोळ. एका बाजूला मोह.

आणि वरच्या अंगाला: "बुध्या याची नाचणीची जागा."

पुन्हा वाचलं. मग बाबाच्या शेताला लागून असलेल्या आणखी दोन घरांचे कागद मागवले. तिथेही तेच. बुध्याची जागा. बुध्याची जागा.

सही तुमची. शिक्का तुमचा.

म्हणजे जानकीची जमीन कुठे संपते हे सांगायला बाबाची जमीन आहे. आणि बाबाला द्यायची वेळ आली की साक्षीदार नाही?

इतकी वर्षं पाहिलेलं सांगणारा मागत होतात. तो तुमच्याच कपाटात होता. तुम्ही वाचलं नाही. आम्हीही नाही. आम्ही कागद पिशवीत बांधून देवाजवळ ठेवले, तुम्ही फाईलीत बांधून ठेवले. बाबाला तर वाचताच येत नव्हतं.

मी दमले आहे. पण नुसता मृत्यूचा दाखला मी देणार नाही. सोबत या तीन कागदांच्या झेरॉक्स देणार, आणि वारस म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव, जोडीने माझं.

माझ्या फोनमधल्या यादीतल्या कुणाचा भाऊ, दीर, मेहुणा त्या कचेरीत असेल तर हे त्याच्यापर्यंत पोचवा.

पुढच्या सोमवारी बाबाचं बारावं. त्या दिवशी बावीस घरं जेवायला येणार. बाबाचं पान पहिलं वाढणार, मग बाकीच्यांचं.

त्या सोमवारपर्यंत मला लेखी उत्तर पाहिजे. पाहणीला कोण येणार आणि कोणत्या दिवशी.

तोपर्यंत खाली "भावपूर्ण" वगैरे कुणी लिहू नका. बाबाला श्रद्धांजली मी उत्तर आल्यावर वाहीन.

खुर्च्या वर नेऊन ठेवल्या आहेत.