लोकर न चालणारं सोवळं

इकडे उत्तरेत, रामघाटावर आमच्या शेजारी राहणारी ती मुलगी पौषातल्या थंडीतही स्वेटर न घालता विद्यापीठात जाते. मी टोकलं तर म्हणाली, "आजी, लोकरीचा तंतू नमुन्यात पडला तर मशीनला मेंढीच दिसेल!"

मला हसू आलं. नवी सून असताना मी लोकरीची धाबळी नेसून "शिवू नका गं!" म्हणत स्वयंपाकघरभर नाचायचे. केवढा तो तोरा!

हिचं सोवळं निराळं. औषधाचा अतिसूक्ष्म कण रक्तात गेला की प्रथिनं त्याला चिकटतात आणि शरीर त्या पांघरुणालाच ओळखतं. त्यात कोणकोणती प्रथिनं आहेत, हे ती शोधते. बोलताना सारखी बोटं पुसते.

परवा ती घाटाच्या पायरीवर बसली होती. रुग्णांच्या रक्तात कण घालून केलेल्या चाचणीत त्यावर एक नवं प्रथिन आलं होतं. औषधाचा नेम धरायला जागा सापडली म्हणून तिच्या सरांनी लेखही लिहायला घेतला होता. हिने मात्र रक्त न घालता तीच चाचणी केली. तरी ते प्रथिन आलंच.

"म्हणजे कुणाचं गं?"

"माझ्याच कातडीचं, आजी."

"मग गप्प बसायचं! कोण बघतंय?"

"आणि औषध रुग्णाच्या अंगात काय शोधत फिरेल? मला?"

"सरांना सांगितलंस?"

"अभी बताया. फोन रख दिया उन्होंने."

एरवी माझ्याशी ती मराठीच बोलते. हिंदीवर आली की समजावं, पोर घाबरली आहे.