जगतापकाकांच्या गाडीचं ॲव्हरेज

पटवर्धन बाई नसत्या, तर त्या हिवाळ्यात जगतापकाका चोर ठरले असते. आणि बाईंना तर गाडीचं बॉनेट कुठून उघडतं, तेही माहीत नव्हतं.

बाई ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायच्या. माझे वडील त्याच गावात सायकली दुरुस्त करायचे. दहावीनंतर मीही दुकानावर बसणार, हे ठरलेलंच होतं. बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याला यंत्रं कळतात. पुढे शिकू द्या." आमच्या घरातला पहिला इंजिनियर त्या स्टुलावर ठरला.

त्या हिवाळ्यात मी ग्वाल्हेरला, इंदरगंजजवळच्या एका वर्कशॉपमध्ये नवीन होतो. छत्तीसगढ नुकतंच मध्य प्रदेशातून वेगळं झालं होतं. सरकारी ऑफिसांत वाटणी चालू होती. कोण इथे राहणार, कोण रायपूरला जाणार, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

अशाच एका ऑफिसची गाडी आमच्याकडे आली. सोबत तिवारीसाहेब आणि त्यांचे ड्रायव्हर जगतापकाका. काकांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. घर शहरातच, मुरारला, बायको तिथल्याच बालवाडीत शिकवायची.

तिवारीसाहेब सरळ मुद्द्यावर आले. "गर्मियों में चौदह का ॲव्हरेज देती थी. दिवाली के बाद से नौ. रायपुर की लिस्ट निकलनेवाली है, तो जाते-जाते पेट्रोल बेच रहे हैं जनाब. आप बस लिखकर दीजिए कि गाडी में कोई खराबी नहीं."

साहेब केबिनमध्ये गेल्यावर काका मला म्हणाले, "भैया, रायपूरला पाठवायचं तर पाठवू दे. पण असा ठप्पा लावून? तिथे मला कोण गाडीला हात लावू देईल?"

आमच्याकडे तेव्हा नवा स्कॅनर आला होता. स्टिअरिंगखाली त्याची वायर जोडली की गाडीतले सेन्सर काय सांगताहेत, ते पडद्यावर दिसायचं. नव्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन गार असेल तर तो जास्त पेट्रोल देतो, तापलं की हात आखडता घेतो. इंजिन तापलं की नाही, हे त्याला पाण्यातला एक सेन्सर सांगतो.

मी गाडी महाराज बाड्याला चक्कर मारून आणली आणि स्कॅनर बघितला. तापमान पन्नासच्या आसपास. एवढ्या वेळात ते ऐंशीच्या वर जायला हवं होतं.

"सेन्सर गया," मॅनेजर सक्सेनासाहेब म्हणाले. "बदल दो."

बदलला. पुन्हा चक्कर मारली. पुन्हा पन्नास.

"तो फिर तुम्हारा डिब्बा खराब है." डिब्बा म्हणजे स्कॅनर. सक्सेनासाहेबांचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून राग होता.

काचेतून तिवारीसाहेब हे सगळं बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "यानी गाडी ठीक है. कल सुबह लिखकर दे दीजिए."

गाडी आमच्याकडेच ठेवून काका टेंपोने घरी गेले. मी त्या पन्नासच्या आकड्यापुढे बसून राहिलो आणि मला बाईंचा वर्ग आठवला. एकदा पाणी तापवण्याचा प्रयोग चालू होता आणि थर्मामीटरचा आकडा चढायच्या ऐवजी उतरत होता. आम्ही ओरडलो, "खराब है, बाई!" बाईंनी सरळ बोट पाण्यात घातलं. पाणी कोमट होतं. खालचा दिवा केव्हाच विझला होता. "त्याला खोटा ठरवायच्या आधी पाण्याला विचारा की," त्या म्हणाल्या.

आम्ही दिवसभर सेन्सरला खोटा ठरवत होतो. पाण्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सकाळी काका आले. हातात गजकचा, म्हणजे इकडच्या तिळाच्या मिठाईचा पुडा. "खाऊन घे, मग लिही काय लिहायचं ते."

रात्रभर उभी असलेली गाडी मी चालू केली आणि इंजिनमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवला. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहते, म्हणून सुरुवातीला हा पाइप गारच लागायला हवा. माझ्या हाताखाली तो लगेच कोमट व्हायला लागला. पाणी पहिल्यापासूनच मोकळं फिरत होतं. सेन्सर खरं बोलत होता. इंजिन खरोखरच तापत नव्हतं.

मी झाकण खोललं. आत झडपच नव्हती.

"काका, इथला वॉल्व कुठे गेला?"

काकांनी वाकून बघितलं. "तो? तो तर मीच मे महिन्यात काढवला. ॲम्बेसिडरमध्ये आम्ही सगळेच काढायचो. आपल्याकडची गर्मी तुला माहीत नाही का! साहेबांना घेऊन भिंडच्या रस्त्यावर गाडी उकळली असती तर?"

उन्हाळ्यात खपून गेलं. थंडी पडली, तशी गाडी दिवसभर गारच राहिली आणि कॉम्प्युटर बिचारा तिला पेट्रोल पाजत राहिला. मी काकांना हे समजावलं. ते खाली बसले.

"काका, हे साहेबांना सांगावं लागेल. न विचारता गाडीतला पार्ट काढला म्हणून ते चिडतील."

"सांग. चोर म्हणण्यापेक्षा येडा म्हणू दे."

नवा थर्मोस्टॅट बसवला. तिवारीसाहेबांनी टाकी स्वतःसमोर भरून घेतली आणि काकांच्या शेजारी बसून दतियापर्यंत जाऊन आले. परतल्यावर टाकी पुन्हा भरली. ॲव्हरेज जवळजवळ चौदा. साहेबांनी चष्मा पुसला. "जगताप, तुमने इंजन का स्वेटर उतार दिया था!" काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते.

लिस्ट निघाली, तेव्हा काका ग्वाल्हेरलाच राहिले. मात्र शिक्षा म्हणून नवी गाडी काढून घेऊन त्यांना ऑफिसची जुनी ॲम्बेसिडर दिली. इतकी आवडलेली शिक्षा मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर कितीतरी स्कॅनर आले, पहिल्यापेक्षा हुशार. पण विचित्र आकडा दिसला की मी आधी पाइपला हात लावतो. कधीकधी चटका बसतो.

त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं होतं:

"ती. बाईंना सा. नमस्कार.

तुमचा थर्मामीटर इथे कामाला आला. सविस्तर हकिगत जगतापकाका सांगतील. ते रविवारी बसने डबऱ्याला येताहेत, सोबत गजक आहे. बोट पाण्यात घालायला एका बाईंनी शिकवलं, हे त्यांना खरं वाटत नाही. त्यांना तुम्हाला बघायचंच आहे.

एक विनंती. ते येतील तेव्हा बाबांनाही बोलवाल का? मी इथे नेमकं काय काम करतो, हे मला बाबांना अजून नीट सांगता आलेलं नाही. तुम्ही मागे दुकानात येऊन सांगितलं होतंत, ते त्यांना कळलं होतं. एकदा पुन्हा सांगा.

तुमचा,
सुरेश"